करदोट्याला काय ऐकू आलं

फोन मी उलटा ठेवणार नाहीये, आधीच सांगते. वाजला तर उचलणार. रेश्मा, डोळे फिरवू नकोस. मागच्या दोन्ही वेळा मी ताटावरून उठून गेले, मान्य. आजही उठेन कदाचित. पण तुम्ही दोघं विचारताय ना, या मृणालला झालंय काय, फोनला चिकटून का असते, कुणी मुलगा आहे का, तर ऐका. मुलगा नाहीये. मुलं आहेत. पुष्कळ. सगळी दोन-तीन दिवसांची.

हस ओजस, हस. मिसळ येईपर्यंत हसून घे. आणि तुझी ती नवी गाडी खिडकीतून सारखी बघू नकोस, कुणी नेत नाही. सीटवरचं प्लास्टिकसुद्धा काढलं नाहीयेस अजून, कोण चोरणार ती?

तर. तुम्हाला आमचा करदोटा माहितीये. जाहिरातीतला. "प्रत्येक बाळाला करदोटा", ते गुटगुटीत बाळ, कमरेला काळा पट्टा, मागे सनई. तोच. मी तिथेच नोकरी करते, "शिशुसेतू"मध्ये, एवढं तुम्हाला माहितीये. पण मी नक्की काय करते ते तुम्ही कधी विचारलंच नाही. मी रांगेवर बसते.

थांब, रांग नंतर. आधी पोट.

नुकतं जन्मलेलं बाळ हिरवं ओकलं तर काय समजायचं? नाही रे, आईने पालक खाल्ला म्हणून नाही. सगळे हेच म्हणतात! आपलं आतडं कसं, पोटात नीट घडी घालून मागच्या भिंतीला टाचलेलं असतं. काही बाळांचं ते टाचायचंच राहून जातं. मग ते सुटं असतं, आणि सुटी वस्तू फिरते. ओढणी पिळतो ना आपण, तसा पीळ बसला की पुढचा रस्ता बंद आणि त्या आतड्याचं रक्तही बंद. पित्ताला खाली जायला वाट नाही, म्हणून ते वर येतं. हिरवंगार. काही बाळांना पीळ नसतो, पण आतडं मधेच तुटलेलं असतं, नळाचा एक जोड बसवायचाच राहिला असं. तसलं बाळ थोडं थांबू शकतं. नाकातून नळी घालून पोट रिकामं ठेवायचं, सलाईन, ऊब, एवढं केलं तर एखादा दिवस निघतो. पीळवालं थांबत नाही. आतडं काळं पडत जातं, तासातासाने.

इलाज दोन्हींना एकच, ऑपरेशन. नाजूक आहे पण होतं. जिथे लहान बाळांचा सर्जन आहे तिथली बहुतेक बाळं घरी जातात, मोठी होतात, शाळेत डबा सांडतात, सगळं करतात. आणि जिथे नाही तिथे "दूध पचलं नाही हो" म्हणायचे आणि संपलं. कुणाला कळायचंही नाही की यावर काही करता आलं असतं.

मग करदोटा आला. रबरासारखा मऊ काळा पट्टा, आतून सहा बारीक माइक, प्रत्येक माइकला चिकटपट्टी. बाळाच्या पोटावर बांधायचा आणि तो ऐकतो. चांगलं आतडं गुडगुडतं, मांजर झोपेत घुरघुरतं तसं. जिथे वाट बंद असते तिथे वरच्या बाजूला बारीक, टोकदार आवाज येतो, अर्धवट तुंबलेल्या नळासारखा, आणि खालच्या बाजूला शांत. आतडं मरत चाललं की सगळंच शांत होत जातं. यावरून मशीन सांगतं की अडलंय का, कुठे, पीळ आहे की तुटलेलं, आणि मुख्य म्हणजे वेळ किती उरलाय.

नाव करदोटा का, तर पहिल्या वर्षी बायका तो बांधूच देईनात. बाळाला वायरी लावता म्हणून भांडायच्या. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं, रंग काळा करा आणि करदोटा म्हणा. झालं! पोरगा असो पोरगी असो, आज्ज्या स्वतः मागून घ्यायला लागल्या. ऑफिसात पेढे वाटले. मी तर दोन खाल्ले.

आता दुसरी गोष्ट, पाळणा. पाळणा म्हणजे आमची गाडी. आत ऑपरेशनचं टेबल, यंत्राचे चार हात, भूल देणारे डॉक्टर आणि एक सिस्टर. सर्जन गाडीत नसतो, तो शहरात बसून हात चालवतो. गाडी बाळाच्या दारात जाते. खरंच भारी आहे रे, मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा रडले होते. फक्त करदोटे निघाले गावोगावच्या केंद्रात आणि पाळणे निघाले पाच. अर्ध्या राज्याला पाच.

म्हणून रांग. प्रत्येक बाळाला मशीन एक आकडा देतं, गाडी पोचेपर्यंत आणि ऑपरेशन होईपर्यंत वाचण्याची शक्यता किती. त्याला आम्ही "आस" म्हणतो. आस जास्त तो वर. ऐकायला क्रूर वाटतं, पण बघ ना, गाडी एका बाजूला पाठवायची आणि पोचेपर्यंत आतडं मेलेलं, तोवर दुसरीकडचं वाचणारं बाळही गेलं, याला काय अर्थ? मला ते पटलेलं होतं. रेश्मा, तुझ्याशीच भांडले होते मी यावरून, तू म्हणाली होतीस लॉटरी काढा. आठवतंय?

आणि एक. पाळणे आल्यावर बाळांच्या खास ॲम्ब्युलन्स होत्या ना, त्या कमी केल्या. का? आता गाडीच दारात येणार, मग ॲम्ब्युलन्स कशाला. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आली का मिसळ? तुम्ही सुरू करा. मी बोलते.

त्या दिवशी दुपारी मी डबा उघडून पडद्यासमोर बसले होते आणि रांगेत तळाला एक नाव आलं. खैरमाळ. आता खैरमाळ म्हणजे माझ्या आत्याचं गाव! घाटाच्या वर, एक शाळा, एक आरोग्य केंद्र, दुपारची एक एसटी. माझी आतेबहीण चित्राताई बाळंतपणाला माहेरी आलेली. नवरा गोव्यात कारखान्यात. मी नाव उघडलं. "बेबी ऑफ सुचित्रा". पीळ. आस अकरा. माझ्या हातातली पोळी तशीच राहिली.

आणि त्याच क्षणी फोन. आत्या. ती मला मिनी म्हणते.

"मिने, बाळानं हिरवं टाकलंय गं. नर्सबाई म्हणत्यात त्या करदोट्याला लाल दिवा लागलाय. तू त्याच मशिनीवर बसतीस नव्हं?"

"हो आत्या."

"मग सरकव की वर! घरचं लेकरू हाय."

"आत्या, तसं नसतं गं ते..."

"कसं असतंय मग? रेशनच्या रांगंत तुझा मामा मला पुढं घेतोय, आणि तू शिकून मोठी झालीस तर तुला जमंना?"

मागून चित्राताईचा आवाज येत होता. रडत नव्हती. एकच वाक्य म्हणत होती, "गाडी निघाली का विचार. गाडी निघाली का."

मी उठले आणि पळसुले सरांच्या टेबलाशी गेले. पळसुले सर म्हणजे आमच्या रांगेचे प्रमुख. वाईट माणूस नाहीये, हेच वाईट आहे. शांत, हळू बोलतात, वाढदिवस लक्षात ठेवतात. मी म्हटलं, सर, हाताने वर घेता येतं ना, दोघांची सही लागते, माझी आणि तुमची.

ते म्हणाले, "कोण आहे?"

"बहीण आहे माझी. मुलगी झालीय तिला."

"मृणाल, बस." मी बसले नाही. "अकरा आहे. वर नेलंस तर खाली कोण जाईल? त्र्याहत्तरवालं एक आहे, अडुसष्टवालं एक आहे. त्यांना पण मावश्या असतील."

आणि ते बरोबर बोलत होते! मला त्यांच्या टेबलावरचा तो काचेचा गणपती उचलून भिंतीवर मारावासा वाटला, आणि ते बरोबर बोलत होते. मी म्हटलं, निदान ऐकू तरी द्या. मशीन जे ऐकतंय ते मला ऐकू द्या. कच्चा आवाज सहसा कुणी ऐकत नाही, मशीन ऐकतं आणि आकडा काढतं. सरांनी खांदे उडवले. "ऐक."

मी हेडफोन लावले.

पहिल्यांदा काहीच नाही. नुसती सरसर. मग, आणि हे मी कधीच विसरणार नाही, कोंबडा आरवला. माझ्या कानात. मला वाटलं बाहेर. बाहेर कुठला कोंबडा, सातव्या मजल्यावर? मग भांडं पडल्याचा आवाज. मग आत्या! स्पष्ट! "बघा की बाई, तेल जिरलंच न्हाई अजून, पट्टा सुळसुळ सरकतोय."

कळलं का तुम्हाला? नाही? अरे, तो माइक पोटाला चिकटलेला असेल तर त्याला पोटच ऐकू येणार, खोलीतला कोंबडा कसा येईल! खोली ऐकू येतेय म्हणजे माइक चिकटलेलाच नाही. मधे हवा आहे. आतड्याचा तो बारीक आवाज हवेत विरून जातो, मशीनला पोट शांत वाटतं, आणि शांत म्हणजे त्याच्या हिशेबात आतडं मेलं. आस अकरा!

आणि का चिकटला नाही? कारण तो करदोटा आहे! करदोटा कधी बांधतात? बाळाला तेलाने चोळून, न्हाऊमाखू घालून, मग. कुठलीही आजी तसंच करणार. आपणच त्याला करदोटा म्हणालो, मग त्यांनी करदोट्यासारखाच बांधला. आणि ज्या बाळांवर मशीनला शिकवलं ती सगळी शहरातल्या काचेच्या पेटीतली, कोरडी, जन्मल्या-जन्मल्या पट्टा लावलेली. तेलाचा थेंब नाही अंगाला. मशीनने आयुष्यात तेल लावलेलं बाळ ऐकलंच नव्हतं.

मी तिथूनच आत्याला फोन लावला.

"आत्या, बाळाला तेल लावलंस?"

"लावणारच की! बिनतेलाचं लेकरू न्हाऊ घालत्यात व्हय? नाळ सांभाळून लावलंय."

"पूस. आत्ताच्या आत्ता. पोटावरचं सगळं तेल पूस आणि पट्टा काढून नवीन लावायला सांग नर्सबाईंना."

"फडक्यानं जायचं न्हाई ते. डाळीचं पीठ लागंल."

"मग पीठ लाव! पण हळू, नाळेपासून लांब, आणि बाळाला गार पडू देऊ नको."

"मिने, तू डाक्टर हायस का काय?"

"आत्या, लाव!"

मी फोन चालू ठेवला आणि दुसऱ्या कानात हेडफोन. पिठाचा डबा ओढल्याचा आवाज, आत्याची बडबड, बाळाचं कुरकुरणं. मग एकदम खोली गेली. कोंबडा गेला, आत्या गेली, सगळं बंद. आणि त्या बंदमधून, अगदी बारीक, टिक, टिंग, टुण. अडलेला नळ. जिवंत आतडं, जोर लावत होतं बिचारं. पडद्यावर आकडा हलला. अकराचा एकोणतीस. बावन्न. चौऱ्याहत्तर. खैरमाळ तळातून उठून सगळ्यांच्या वर गेलं. मी कुणाचीही सही घेतली नाही. मशीननेच नेलं.

पळसुले सर मागे उभे होते. त्यांनी चष्मा काढला आणि पुसला. "तीन नंबरचा पाळणा घाटाखाली आहे," म्हणाले. "पाठवतोय."

हो, वाचली. वाचली रे! पीळ सोडवला, आतडं जांभळं होतं ते हळूहळू गुलाबी झालं, सर्जन म्हणाले वेळेवर. हो, टाळ्या वाजवा. ओजस, ते काका बघतायत आपल्याकडे. पण थांबा. मी तेव्हा टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण पाळणा निघाल्याबरोबर माझ्या डोक्यात आलं की तळाला आणखी नावं आहेत.

मी एकेक उघडून ऐकायला लागले. आस नऊ. हेडफोनमध्ये शेळीच्या गळ्यातली घंटी. आस चौदा. टीव्हीवरच्या बातम्या. आस आठ. कुणीतरी खलबत्त्यात काहीतरी कुटतंय. सगळ्या खोल्या! एकाही पोटाचा आवाज नाही. सगळी डोंगरातली, नदीपलीकडची, सगळी तेल लावलेली. आणि वरची नावं बघितली तर शहरालगतची, जिथून तासाभरावर सर्जन आहे. त्यांची पोटं लख्ख ऐकू येत होती.

मी फोन करत सुटले. कुठे रेंज नाही, कुठे कुणी उचलत नाही. एका ठिकाणी लागला, कोळंबपाडा. बेबी ऑफ वनिता. पीळच. तिथल्या सिस्टर हुशार, अर्ध्या वाक्यात कळलं त्यांना. हेडफोनमध्ये मी ऐकत होते, कुणीतरी गुणगुणत होतं, बहुतेक वनिताच. अंगाई नव्हती, नुसतं हं हं हं. मग पीठ, मग पट्टा, मग खोली बंद. आणि नळ. टिंग, टुण. आस एकाहत्तर.

एकाहत्तर! मी ओरडले, "सर, कोळंबपाडा!"

सर म्हणाले, "गाडी कुठली?"

त्या भागाला जाणारी गाडी एकच होती. तीन नंबर. ती खैरमाळच्या घाटात चढत होती. माझ्या ताईकडे.

बाकीच्या गाड्या? एक बंद पडलेली, उरलेल्या तिन्हींमध्ये ऑपरेशन चालू. ॲम्ब्युलन्स? सांगितलं ना मगाशी. सिस्टरनी तिकडून विचारलं, आम्ही जीप करून निघू का? पीळवालं बाळ, पाच तासांचा रस्ता. कुणी हो म्हणेना, कुणी नाही म्हणेना. सर फोन करत होते, मीही करत होते, सगळेच फार मदत करत होते. आणि हेडफोन मी काढला नाही. काढायला हवा होता. सत्तर. त्रेसष्ट. पन्नास. टिंगटिंग लांब लांब व्हायला लागली. माइक नीट चिकटलेला होता बरं का. या वेळी जी शांतता होती ती खरी होती.

नाही, पाणी नको. ठीक आहे मी.

ताईकडे बारशाला गेले मग. मला जायचं नव्हतं, पण आत्याने दम दिला. पाळणा सजवलेला, खराखुरा लाकडी पाळणा, घुगऱ्या, बायका. पोटावर एवढीशी आडवी रेघ आहे पोरीच्या, बाकी काय गोड आहे माहितीये! ताईने मला मिठी मारली आणि सोडेचना. म्हणाली, "मिने, तुझ्यामुळं." आणि माझ्या तोंडातून निघून गेलं. सगळं. कोळंबपाडा, वनिता, गाडी. कशाला बोलले मी? बारशाच्या दिवशी!

ताई मागे सरकली. पोरीला छातीशी घट्ट धरलं, जणू मी घ्यायला आलेय. म्हणाली, "मग मी काय करू आता? परत देऊ?"

मी म्हटलं, तसं नाही गं म्हणायचं मला.

"मग कसं म्हणायचंय? मी गाडी मागितली. त्या बाईनंपण मागितली असंल. दोन गाड्या का नव्हत्या ते तू सांग. तू तिथं बसतीस, मी न्हाई."

तेव्हापासून बोलत नाही माझ्याशी. आत्या पोरीचे फोटो पाठवते लपून. आणि ताईचं काय चुकलं? सांगा ना. तिने विचारलं तेच मी जाऊन मीटिंगमध्ये विचारलं.

मीटिंग! आता ऐका, ही खरी गंमत. मी सगळे आवाज लावून दाखवले, शेळी, टीव्ही, खलबत्ता. सगळे थक्क. टाळ्या. मला फुलांचा गुच्छ दिला, शपथ. आणि महिन्याभरात काय केलं? तर भिंतीवर चिकटवायचं पत्रक. मोठ्या अक्षरात, "बाळाला तेल लावू नका". खाली एका आजीचं चित्र, त्यावर लाल फुली. म्हणजे दोष कुणाचा? आजीचा!

तरी म्हटलं चला, पुसतील, चिकटेल, आवाज येईल. आणि झालं तसंच! गावोगाव पीठ लावून पट्टे बसायला लागले, मशीनला पोटं ऐकू यायला लागली, तळातली सगळी बाळं वर आली. सत्तर, बहात्तर, पंचाहत्तर. मी खुश. दोनच दिवस. कारण आता सगळेच सत्तरच्या वर आणि पाळणे तेच पाच. मग सारख्या आकड्यांत आधी कोण? समिती बसली. आणि समितीने ठरवलं, जवळचं आधी. एका डोंगरातल्या खेपेत शहराजवळची तीन बाळं होतात, म्हणून.

रेश्मा, बरोबर. परत तळाला. तीच गावं, त्याच क्रमाने! आधी मशीनला ऐकू येत नव्हतं म्हणून तळाला, आता नीट ऐकू येतं आणि तरी तळाला. आधी निदान कळत नव्हतं गं. आता त्या आईला जन्मल्या दिवशी कळतं की काय झालंय, इलाज काय आहे, तो कुठे आहे, आणि आपला नंबर कितवा आहे. हे आम्ही पोचवलं त्यांच्यापर्यंत. नंबर.

मी भांडले सरांशी. म्हटलं, पाळणे वाढवा, नाहीतर जिल्ह्याला एक सर्जन बसवा, साधा, हातांनी ऑपरेशन करणारा, यंत्र नको. ते इतके दमलेले दिसले. म्हणाले, "मृणाल, करदोट्याचं उद्घाटन करता येतं. रोज सकाळी कामावर येणाऱ्या सर्जनचं काय उद्घाटन करणार? मी तीनदा लिहिलंय वर." मग म्हणाले, "आणि तू परस्पर फोन करतेस ते बंद कर. मला कारवाई करावी लागेल."

कारण तोपर्यंत माझा नंबर फिरला होता ना. कोळंबपाड्याच्या सिस्टरनी दुसऱ्या सिस्टरना दिला, त्यांनी तिसऱ्या. आता मी "रांगेतल्या ताई" आहे. दिवसातून कधीही वाजतो. "ताई, पीठ लावलं, पट्टा बसला, गाडी येईल ना?" आणि मी काय म्हणते? "बघते हं." प्रत्येक वेळी. "मी बघते." मला आता त्या दोन शब्दांची शिसारी येते. काय बघते मी? आकडा बघते! वर बसून तो खाली येताना...

वाजला. थांबा.

हॅलो. हो, मीच. बोला ना दादा. कुठून? घोळवाडी. खिंडीच्या पलीकडची ना? हो हो. घाबरू नका, हळू सांगा. मुलगा. कालचा. बरं. पट्टा लावलाय? सिस्टर आहेत तिथे? द्या त्यांना.

सिस्टर, नमस्कार. पीळ आहे की तुटलेलं? तुटलेलं. नक्की ना? नळी घातलीय नाकातून? सलाईन? छान. आस किती? अठ्ठ्याहत्तर, आणि नंबर?

चौदावा.

नाही सिस्टर, पुन्हा पुसू नका. त्याने काही होणार नाही, आकडा चांगलाच आहे. ऐका. सिस्टर, ऐकताय ना? गाडीची वाट बघू नका. हो, मी रांगेवरूनच बोलतेय, आणि मीच सांगतेय, वाट बघू नका. आज येणार नाही ती. तुमच्याकडे वाहन काय आहे? दुधाचा टेम्पो. कुठपर्यंत येतो? खिंडीच्या फाट्यापर्यंत. चालेल. बाळाला गुंडाळा, टोपडं घाला, आईच्या छातीशी धरायला सांगा, आणि ती नळी दर थोड्या वेळाने ओढून पोट रिकामं करत राहायचं, तुम्हाला माहितीच आहे. तुम्ही बसाल का त्यांच्यासोबत? ड्युटी... हो, मला पण ओरडतील. बसाल? बसा सिस्टर, खरंच. फाट्यावर आम्ही येतोय. पांढरी गाडी. निघा.

रेश्मा, सरकारी रुग्णालयात तुझा तो भाऊ आहे ना शिकाऊ डॉक्टर? त्याला लाव फोन. बाळांचे सर्जन आज आहेत का विचार, नसतील तर घरून बोलवायला सांग. रड त्याच्यापुढे, काहीही कर.

ओजस, ती मिसळ ठेव. किल्ली घे. खिंडीपर्यंत दोन तास, परत येताना मी मागे बसते. आणि सीटवरचं ते प्लास्टिक काढ आधी. बाळाला गार लागेल.